प्रतिध्वनीला नाव नसतं

शाळेत विज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. अंबरनाथ आणि बदलापूरच्या वर्गांमध्ये मी ध्वनी, प्रकाश, चुंबकत्व शिकवलं आणि डिसेंबर उजाडला की नौदल दिनाच्या निमित्तानं १९७१ च्या कराचीवरच्या हल्ल्याची गोष्ट सांगितली. गोष्टीच्या शेवटी मी मुलांना सांगायचो की क्षेपणास्त्र आपलं लक्ष्य स्वतः ओळखतं. यावर माझा मनापासून विश्वास होता. त्याहून मोठा विश्वास असा, की ही यंत्रं जितकी सुधारतील तितकं युद्ध नेमकं होत जाईल आणि युद्ध नेमकं झालं की त्यात विनाकारण मरणारी माणसं कमी होतील. आज मी तसं मानत नाही. का मानत नाही, ते माझ्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवतो आहे, कारण त्यांच्यातले काही आज संरक्षण उत्पादनाच्या कामात आहेत.

त्या विश्वासाची मुळं आमच्या घरात होती. वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. १९५० च्या दशकात हा कारखाना आला, जोडीला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली, आणि लेण्यासारख्या कोरलेल्या शिवमंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाला भोंग्याच्या वेळा लागल्या. वडील तपासणीच्या खात्यात होते. पितळी काडतुसाची केस गेजमध्ये बसली तर पास, नाही बसली तर रिजेक्शन. माप चुकलेलं काडतूस सैनिकाच्या हातातच बंदूक फोडू शकतं, असं ते घरी सांगायचे. माप बरोबर असणं ही आमच्या घरात नीतीची गोष्ट होती. पुढे अंबरनाथ पूर्वेला नौदलाची पदार्थसंशोधन प्रयोगशाळा, म्हणजे डीआरडीओची एनएमआरएल, आली. तिचं मूळ मुंबईच्या नौदल गोदीतल्या रसायन आणि धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत. बदलापूर रस्त्यानं जाताना तिची पाटी दिसली की मला वाटायचं, इथं जहाजांचे रंग, रबर आणि गंज यांचं काम चालतं. उपयोगाचं आहे, पण खरी बुद्धी क्षेपणास्त्राच्या टोकाशी बसवलेल्या शोधकात असते. हेही मत पुढे बदललं, आणि ते बदलताना पहिलं मत बदलायला मोठी मदत झाली.

आधी हा शोधक, ज्याला सगळे सीकरच म्हणतात, काय करतो ते सांगतो. जहाजावर सोडलेलं क्रूझ क्षेपणास्त्र बहुतेक सगळा प्रवास लक्ष्य न बघता करतं. आतले जायरो आणि त्वरणमापक यांच्या नोंदींवरून आपण कुठून निघालो, किती वळलो, किती पुढे आलो याचा हिशेब ते ठेवतं. हा हिशेब अंतराबरोबर थोडाथोडा ढळत जातो, म्हणून आताच्या क्षेपणास्त्रांमध्ये उपग्रहाच्या संकेतांवरून तो दुरुस्त केला जातो. खाली रोखलेला रेडिओ अल्टिमीटर लाटांपासूनची उंची राखतो. शेवटच्या टप्प्यात सीकर जागा होतो, समोर रेडिओ लहरी फेकतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. परतीला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं, ॲंटेनाच्या रोखावरून दिशा कळते. मग सीकर अंतराची एक छोटी खिडकी उघडी ठेवतो, तिच्याबाहेरचं सगळं वगळतो आणि त्या खिडकीतल्या प्रतिध्वनीच्या मागे लागतो. याला लॉक होणं म्हणतात.

मधल्या काळात लक्ष्य मात्र एका जागी थांबलेलं नसतं. ३० नॉट वेगाचं जहाज सेकंदाला साधारण १५ मीटर सरकतं. २९० किलोमीटर अंतर आवाजापेक्षा थोड्या कमी वेगानं कापायला पाव तास लागतो आणि तेवढ्यात ते जहाज जवळजवळ १४ किलोमीटर दूर गेलेलं असू शकतं. ब्रह्मोससारखं वेगवान क्षेपणास्त्र हेच अंतर पाचेक मिनिटांत कापतं, तरी जहाज चार-साडेचार किलोमीटर सरकलेलं असतं. म्हणून सीकरला एका ठिकाणी बघून भागत नाही, त्याला समुद्राचा एक पट्टा धुंडाळावा लागतो. त्या पट्ट्यात त्या वेळी जी जहाजं असतील ती सगळी त्याच्या दृष्टीनं उमेदवार असतात. वर्गात हे सगळं मी फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. त्यातून निघणारा प्रश्न मात्र मला विचारला तो उल्हासनगरच्या एका म्हाताऱ्या कापड व्यापाऱ्यानं.

गणवेशाच्या कापडासाठी मी त्यांच्या दुकानात जायचो. फाळणीनंतर कराचीहून बोटीनं मुंबईला आलेल्या आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये राहिलेल्या सिंधी कुटुंबांपैकी त्यांचं एक कुटुंब. १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं, तरी पत्ता सांगताना आजही तिथं कॅम्प नंबर एक ते पाच असंच म्हणतात. सगळे त्यांना दादा म्हणायचे, मीही म्हणायचो. एकदा डिसेंबरात मी मोठ्या उत्साहानं त्यांना कराचीची गोष्ट सांगू लागलो. त्यांनी ती शांतपणे ऐकली. १९७१ मध्ये ती बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली होती. आपल्या नौदलाचा त्यांना अभिमान वाटला होता आणि त्याच रात्री त्यांना झोपही लागली नव्हती, कारण कियामारीचं ते बंदर म्हणजे त्यांच्या आईनं मागे वळून बघितलेला शेवटचा किनारा होता. मग त्यांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही लढाऊ जहाजांची नावं सांगितलीत. व्यापारी बोटींवर खलाशी कुठले होते?"

मी ते शोधायला लागलो. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका कराचीपर्यंत गेल्या आणि त्यांनी सोव्हिएत बनावटीची स्टिक्स क्षेपणास्त्रं सोडली. खैबर ही विनाशिका बुडाली, मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका बुडाली. त्याच रात्री व्हीनस चॅलेंजर हे व्यापारी जहाजही बुडालं. आपल्या बाजूच्या माहितीनुसार त्यात पाकिस्तानी सैन्यासाठी दारूगोळा होता. ८ डिसेंबरच्या रात्री विनाश या नौकेनं चार क्षेपणास्त्रं सोडली. एक कियामारीच्या तेलटाक्यांवर गेलं. पाकिस्तानी नौदलाचं तेलवाहू जहाज डाक्का निकामी झालं. आणि पनामाच्या ध्वजाखालचं गल्फ स्टार व ब्रिटिश हरमॅटन ही दोन जहाजंही त्याच माऱ्यात सापडली. युद्ध चालू असताना शत्रूच्या बंदराशी उभं राहण्यात धोका असतो हे त्यांच्या मालकांना कळत असणार. तरीही त्यांच्यावरचे खलाशी पोटासाठी नोकरी करणारे परक्या देशांचे लोक होते, आणि स्टिक्सच्या सीकरला डाक्का आणि हरमॅटन यांच्यातला फरक कळण्याचा काही मार्गच नव्हता. त्याच्यापुढे फक्त प्रतिध्वनी होते, काही मोठे, काही लहान. त्या रात्रींच्या पराक्रमाबद्दलचा माझा अभिमान आजही कमी झालेला नाही; लहानशा नौका घेऊन शत्रूच्या मुख्य बंदरापर्यंत जाणाऱ्यांचं धैर्य निर्विवाद आहे. पण क्षेपणास्त्र लक्ष्य ओळखतं, हे वाक्य मला पुन्हा उच्चारता आलं नाही. प्रतिध्वनीत अंतर असतं, दिशा असते, जोर असतो. जहाज कुणाचं आणि त्यावर कोण, हे त्यात नसतंच.

जुना सीकर ढोबळ होता, नवा हुशार आहे, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. मग मी १९७३ च्या लढाईबद्दल वाचलं आणि ते समाधानही टिकलं नाही. ज्या स्टिक्सनं १९६७ मध्ये पोर्ट सैदजवळ इस्रायलची एलात ही विनाशिका बुडवली आणि १९७१ मध्ये कराची हादरवली, तीच स्टिक्स ऑक्टोबर १९७३ मध्ये सीरियाच्या लताकिया बंदराजवळ इस्रायली नौकांवर सोडली गेली आणि एकही लागली नाही. मधल्या काळात इस्रायलनं जहाजांवर जॅमर आणि चाफची रॉकेटं बसवली होती. चाफ म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या बारीक तंतूंचा ढग. तंतूची लांबी रडार लहरीच्या लांबीच्या निम्मी ठेवली की प्रत्येक तंतू त्या लहरीला जोरात उत्तर देतो. तीन सेंटिमीटरच्या लहरीसाठी दीड सेंटिमीटरचे तंतू. असा ढग हवेत पसरला की सीकरला समोर एक भलंमोठं जहाज असल्याचा भास होतो. ज्याला केवळ प्रतिध्वनी कळतो, त्याला प्रतिध्वनी दाखवूनच फसवता येतं.

आणि फसलेलं क्षेपणास्त्र नाहीसं होत नाही. २५ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिनाच्या विमानांनी दोन एक्झोसे क्षेपणास्त्रं सोडली. ब्रिटिश युद्धनौकांनी चाफ उडवला. युद्धनौका वाचल्या, पण त्यांच्याबरोबरच्या अटलांटिक कन्व्हेयर या मालवाहू जहाजाकडे असं काहीच संरक्षण नव्हतं. दोन्ही क्षेपणास्त्रं त्याच्यात घुसली. १२ माणसं मेली. एका जहाजानं स्वतःला वाचवताना पुढचा प्रतिध्वनी कुणाचा असेल, हे त्या वेळी कुणाच्याच हातात नव्हतं. हे वाचलं आणि माझ्या मोठ्या विश्वासाचा पाया निघाला. सीकर कितीही नेमका असू द्या, तो ज्याला धरतो त्याच्यावर नेमका जातो. कुणाला धरायचं हा वेगळा प्रश्न आहे, आणि वडिलांच्या गेजसारखं काही तिथं चालत नाही. गेजच्या दोन्ही बाजूंना आपणच असतो. समुद्रावर दुसऱ्या बाजूला आपल्याला फसवू पाहणारा माणूस असतो आणि मध्ये तिसराच कुणी वाटसरू.

याच काळात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. तो आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात औद्योगिक रंगांच्या कामात आहे. त्यानं मला सॉल्ट स्प्रेची चाचणी समजावून सांगितली. बंद पेटीत ३५ अंश तापमानाला ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं रंगवलेल्या पत्र्यावर शेकडो तास सोडत राहायचं आणि गंज कुठून आत शिरतो ते बघायचं. मी त्याला विचारलं, जहाज रडारला कमी दिसावं म्हणून जे लेप देतात त्यांचं काय? तो म्हणाला, "सर, लेप लहर शोषतो ते ठीक. पण खाऱ्या पाण्यात, उन्हात, बोटीच्या हादऱ्यात तो पत्र्याला चिकटून राहायला हवा. अर्धी लढाई तिथंच असते." त्या वाक्यानं माझी दुसरी समजूत मोडली. लहर शोषणाऱ्या थराची जाडी लहरीच्या लांबीशी बांधलेली असते, म्हणजे तिथं मिलिमीटरचा हिशेब. तो थर वर्षानुवर्षं समुद्रात टिकवणं हे पदार्थशास्त्राचं काम, आणि तेही तेवढंच अवघड.

जहाजाच्या आकाराचंही तसंच. दोन सपाट पृष्ठभाग काटकोनात आले की ते लहर आली तिकडेच परत पाठवतात. जहाजाची उभी भिंत आणि खालचं पाणी यांचाही असा कोन होतो. म्हणून माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या नव्या विनाशिकांच्या बाजू तिरक्या दिसतात आणि डेकवरच्या वस्तू जमेल तितक्या आत घेतलेल्या असतात. चाफच्या रॉकेटांवर जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेनं काम केलं. २०२१ मध्ये ती देशात तयार झाली आणि नौदलानं अरबी समुद्रात त्यांच्या चाचण्या घेतल्या. शोधकाचं निम्मं गणित जहाजाच्या पत्र्यावर, रंगावर, धुराड्याच्या उष्णतेवर ठरतं. अंबरनाथच्या त्या पाटीकडे मी आता वेगळ्या आदरानं बघतो. जहाज गंजू न देणं, ते शांत ठेवणं, पाणबुडीला पाण्याखाली जास्त दिवस राहता यावं म्हणून इंधनघट बनवणं, ज्याच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी एनएमआरएलनं मार्च २०२१ मध्ये यशस्वी केली, ही सगळी माणसं वाचवणारी कामं आहेत. नौदल दिनाच्या भाषणात त्यांचा उल्लेख यायला हवा.

माझं बदललेलं मत मी मित्रांना सांगतो तेव्हा एक आक्षेप हमखास येतो. यंत्राला ओळखता येत नाही हे खरं, पण माणसाला तरी कुठं येतं? आक्षेप वजनदार आहे. कराचीच्या पहिल्या हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी, ६ डिसेंबर १९७१ रोजी, पाकिस्तानी टेहळणी विमानानं पाकिस्तानच्याच नौदलाच्या झुल्फिकार या जहाजाला भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून खबर दिली आणि पाकिस्तानी हवाई दलानं त्यावर गोळीबार केला. मे १९८७ मध्ये इराकी विमानानं सोडलेल्या दोन एक्झोसेंनी स्टार्क या अमेरिकी युद्धनौकेवर ३७ खलाशी मारले, आणि ती नौका इराकची शत्रू नव्हती. दोन्ही ठिकाणी निर्णय माणसाचाच होता. पण अशा घटनांनंतर विचारणा करता येते. कुणी काय पाहिलं, कुणाला काय सांगितलं, कुणी हुकूम दिला, याची साखळी मागे नेता येते. माणसाला जाब विचारता येतो आणि विचारला जाईल या जाणिवेनं तो थबकूही शकतो. सीकरला या दोन्ही गोष्टी लागू होत नाहीत. माणूस चुकतो म्हणून निर्णय यंत्राकडे सोपवावा, हे मला पटत नाही. माणूस चुकतो म्हणून त्याला अधिक माहिती आणि अधिक वेळ द्यावा, हे पटतं.

वेळ हाच इथला कळीचा मुद्दा आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे लाटांवरून १० मीटर उंचीनं येणारं क्षेपणास्त्र २५ मीटर उंच डोलकाठीवरच्या रडारला साधारण ३३ किलोमीटरवर दिसू लागतं. ते आवाजापेक्षा कमी वेगाचं असेल तर जहाजाकडे जेमतेम दोन मिनिटं असतात. ब्रह्मोसच्या वेगाचं असेल तर पस्तीसेक सेकंद. जून २००१ मध्ये चंदीपूरला ब्रह्मोसची पहिली चाचणी झाली तेव्हा मी या वेगाचं वर्गात कौतुक केलं होतं. अभियांत्रिकी म्हणून ते कौतुक आजही खरं आहे. पण वेग वाढला की समोरच्याचा वेळ संपतो, समोरचाही आपल्यावर तेवढ्याच वेगाचं काहीतरी रोखतो, आणि मग दोन्हीकडे असं वाटू लागतं की निर्णय यंत्रानंच घ्यावा, माणसाला वेळच नाही. अवरक्त प्रतिमा बघणारे नवे सीकर आठवणीत साठवलेल्या आकृतीशी समोरचा आकार जुळवू शकतात. तेलवाहू आणि युद्धनौका यांत ते फरक करू शकतील. ते जहाज शरण येत आहे का, बुडणाऱ्यांना वाचवायला थांबलं आहे का, हे आकारावरून कळत नाही.

म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीतली एक चाचणी मला वेगापेक्षा मोलाची वाटते. चंदीपूरजवळ नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरवरून एनएएसएम-एसआर हे कमी पल्ल्याचं जहाजविरोधी क्षेपणास्त्र सोडण्यात आलं. त्याच्या सीकरला दिसणारं चित्र दुतर्फा दुव्यानं वैमानिकापर्यंत येत होतं. क्षेपणास्त्रानं आधी एक मोठं लक्ष्य धरलं, आणि शेवटच्या टप्प्यात वैमानिकानं दुसरं, लहान लक्ष्य निवडलं. अधिकृत निवेदनात याचं महत्त्व अचूक मारा म्हणून सांगितलं गेलं आणि ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक शक्यता दिसते. ज्या दुव्यावरून लहान लक्ष्य निवडता येतं, त्याच दुव्यावरून परकं जहाज वगळताही येईल. हरमॅटनच्या खलाशांना १९७१ मध्ये ही संधी मिळणं शक्यच नव्हतं.

याची गरज आता अधिक आहे. जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं आणि आग लागली. जहाजावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी होते. मदतीला गेली ती आयएनएस विशाखापट्टणम, माझगाव डॉकमध्ये बांधलेली विनाशिका, जिच्यावरून त्याआधी दोन वर्षं ब्रह्मोस डागून बघितलं गेलं होतं. तिच्या खलाशांनी त्या जहाजावर जाऊन आग विझवायला मदत केली. आपल्याकडची किती तरी मुलं मर्चंट नेव्हीत जातात. ती ज्या पाण्यातून जातात तिथं आज क्षेपणास्त्र डागणारा कुणी मोठं नौदलच असेल असंही राहिलेलं नाही. ती मुलं कुणाच्या तरी सीकरच्या पट्ट्यातला एक प्रतिध्वनी असतात. दादांनी विचारलेला प्रश्न आता आपल्या घरांतून विचारला जाणार आहे.

देशानं ही शस्त्रं बनवू नयेत असं मी म्हणत नाही. किनारा राखायचा तर ती लागतात, आणि ती बनवणाऱ्यांच्या बुद्धीचा मला आदर आहे. माझं म्हणणं एवढंच, की या क्षेत्रात काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक नव्या सीकरबद्दल दोन वेगवेगळे प्रश्न विचारावेत. हा धरलेल्या लक्ष्यावर किती अचूक जातो? आणि चुकीचं लक्ष्य धरलं तर त्याला सोडायला लावणारा माणूस या साखळीत कुठं आहे, त्याच्याकडे किती सेकंद आहेत? पहिल्या प्रश्नाला आपल्याकडे प्रयोगशाळा आहेत, चाचण्या आहेत, बक्षिसं आहेत. दुसऱ्या प्रश्नालाही तेवढाच पैसा, तेवढीच बुद्धी आणि तेवढाच मान मिळायला हवा. तो मिळेपर्यंत अचूक शस्त्रामुळे युद्ध सौम्य होतं, असं मी कुठल्याही मुलाला शिकवणार नाही.